कारचं इंजिन लावून विमान उडवता येतं का? मिनेसोटाच्या मेकॅनिकनं १९२९ मध्येच उडवून दाखवलं होतं

साल होतं १९३०. एप्रिल महिना. अमेरिकेत मिनियापोलिसजवळ एका मासिकाचं ऑफिस होतं, मासिकाचं नाव मॉडर्न मेकॅनिक्स अँड इन्व्हेन्शन्स. वाचकांना घरच्या घरी नवनवीन वस्तू कशा बनवायच्या हे शिकवणारं हे मासिक. पण त्याचे संपादक वेस्टन फार्मर यांनी एका बाबतीत ठाम मत मांडून ठेवलं होतं, ते म्हणजे मोटारीचं इंजिन लावून विमान उडवण्याच्या नादाला कुणी लागू नये. ते जमत नाही.

हे वाचून चेरी ग्रोव्ह नावाच्या एका खेडेगावातला मेकॅनिक खवळला. त्याचं नाव बर्नार्ड पीटनपोल. त्याने संपादकाला शिव्या देणारं पत्र लिहिलं नाही. त्याने आपल्या एका मित्राला सोबत घेतलं आणि दोन विमानं उडवत थेट मिनियापोलिस गाठलं. दोन्ही विमानं त्याने बनवलेली, आणि दोन्हींच्या नाकावर फोर्ड मोटारीचं इंजिन.

फार्मर यांनी विमान बघितलं आणि आपलं मत बदललं. नुसतं बदललं नाही, तर या विमानाचे नकाशे छापून आणले. १९३२ च्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल'मधून ते देशभर पोचले. मंदीचे दिवस होते, खिशात पैसा नव्हता, पण भंगारात फोर्डची इंजिनं मात्र ढिगाने पडलेली होती. मग काय, गावोगावच्या कोठारांमध्ये, शेडमध्ये लोक विमानं बांधायला बसले.

त्या विमानाचं नाव एअर कॅम्पर. जवळपास शंभर वर्षं झाली तरी लोक ते आजही बांधतायत.

आता तुम्ही म्हणाल की इंजिन ते इंजिन. गाडीला लावा, पंपाला लावा, नाहीतर विमानाला. आपल्याकडे तर डिझेल इंजिनावर जुगाड गाड्या पळतात. मग विमानाच्या बाबतीत एवढं विशेष ते काय?

तर विशेष आहे. इतकं आहे की त्यात माणसं गेली आहेत.

पहिली गोष्ट, गाडीचं इंजिन आयुष्यभर आरामच करत असतं

समजा तुमच्या गाडीचं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं आहे. पण एक्सप्रेसवेवर सपाट रस्त्याला ८०-९० च्या स्पीडने गाडी चालली असेल तर त्यातले वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच वापरले जातात. बाकीची ताकद ओव्हरटेक करायला आणि घाट चढायला राखून ठेवलेली.

विमानाचं तसं नसतं. टेकऑफला इंजिन पूर्ण ताकदीने चालतं, आणि वर पोचल्यावरही तासन्‌तास ६५ ते ७५ टक्के ताकद लावून ठेवावी लागते. म्हणजे असं समजा की गाडीत पाच माणसं, टपावर सामान आणि कसारा घाट. पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला. फक्त हा घाट दहा मिनिटांत संपत नाही, तीन तास चालतो. आणि मध्ये इंजिन गरम झालं म्हणून गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडायची सोय नाही.

दुसरा घोळ पंख्याचा. म्हणजे प्रोपेलरचा.

साधारण सहा फुटी प्रोपेलर घ्या. तो मिनिटाला २७०० फेरे मारत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ९३० किलोमीटरच्या आसपास जातो. आवाजाचा वेग आहे ताशी सुमारे १२२५ किलोमीटर. इथपर्यंत ठीक. पण गाडीच्या इंजिनाची खरी ताकद निघते ती साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास. तेवढ्या वेगाने तोच प्रोपेलर फिरवला तर टोकं ताशी १९०० किलोमीटरच्या घरात जातील. म्हणजे आवाजाच्या दीडपट. अशा वेळी प्रोपेलर हवा मागे ढकलण्यापेक्षा नुसता बोंबलतो. कानठळ्या बसतात, पण ताकद वाया जाते.

म्हणूनच विमानासाठी बनवलेली इंजिनं अवाढव्य आणि संथ असतात. लायकमिंग कंपनीचं ओ-३६० हे छोट्या विमानांमधलं गाजलेलं इंजिन घ्या. ते जवळपास ५.९ लिटरचं आहे आणि त्यातून फक्त १८० हॉर्सपॉवर निघतात, तेही २७०० फेऱ्यांना. आजच्या कारवाल्याला हा आकडा ऐकून हसू येईल. दोन लिटरचं टर्बो इंजिन याच्यापेक्षा जास्त ताकद देतं. पण ओ-३६० ती ताकद तासन्‌तास देत राहतं, दोन हजार तास चालल्यावरच त्याला पूर्ण उघडायची शिफारस असते, आणि त्याला स्पार्क देणाऱ्या यंत्रणा दोन असतात. एक बंद पडली तरी दुसरी आहे.

मग पीटनपोलचं विमान उडलं कसं?

यात त्याची हुशारी होती आणि थोडं नशीबही.

सुरुवातीला त्याने फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन वापरून बघितलं होतं. ते जेमतेम २० हॉर्सपॉवरचं. त्यावर दोन माणसांचं विमान काही धड उडेना. मग १९२७ च्या शेवटी फोर्डने मॉडेल ए बाजारात आणली. ३.३ लिटरचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर, आणि महत्त्वाचं म्हणजे ही ताकद फक्त २२०० फेऱ्यांना मिळायची. त्या काळी गाड्यांची इंजिनंच संथ होती. त्यामुळे पीटनपोलला मध्ये गिअर घालायची गरज पडली नाही, प्रोपेलर थेट इंजिनाच्या दांड्याला बसवता आला.

त्याने इंजिन उलटं बसवलं. गाडीत फ्लायव्हील आणि क्लच जिथे असतात, ती मागची बाजू विमानात पुढे आली आणि तिथे प्रोपेलर लागला. ती बाजू का? कारण क्रँकशाफ्ट तिथे सगळ्यात दणकट असतो. इग्निशनसाठी गाडीची कॉइल-बॅटरी काढून त्याने मॅग्नेटो लावला, म्हणजे बॅटरी मेली तरी स्पार्क चालू. पाण्याचा रेडिएटर मात्र इंजिनाच्या वर, पायलटच्या बरोबर समोर उभा राहिला. समोरचं दिसायची बोंब झाली. आजही एअर कॅम्परचे फोटो बघितले की तो उभा रेडिएटर आधी डोळ्यात भरतो. विमानापेक्षा ट्रॅक्टरच उडतोय असं वाटतं.

बाकी विमान म्हणजे लाकूड, प्लायवूड आणि वरून ताणलेलं कापड. १९२९ मध्ये ते उडालं. पीटनपोल १९८४ मध्ये वारला. त्याचं हँगर पुढे ऑशकॉश इथल्या पायोनियर एअरपोर्टवर हलवण्यात आलं. ऑशकॉश म्हणजे विस्कॉन्सिनमधलं ते गाव, जिथे दर जुलैमध्ये घरी विमानं बांधणाऱ्यांची जगातली सगळ्यात मोठी जत्रा भरते. ही जत्रा भरवते एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये काही मित्रांना घेऊन ती सुरू केली.

तसं पाहिलं तर ही खटपट विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंनीही आधी मोटारींची इंजिनं बनवणाऱ्यांनाच पत्रं लिहिली होती. हलकं आणि पुरेशा ताकदीचं इंजिन कुणीच देईना. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानात कामाला असलेल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत १२ हॉर्सपॉवरचं इंजिन घडवलं आणि १९०३ मध्ये त्यावर विमान उडालं. इतिहासात नाव दोघा भावांचं झालं, चार्लीला फारसं कुणी ओळखत नाही.

बीटल गाडीचं इंजिन आणि राणीचा नवरा

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगन बीटल गाडी आली आणि घरी विमान बांधणाऱ्यांचं भलं झालं. त्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाइप नाहीत. चार सिलिंडर आडवे, दोन इकडे दोन तिकडे, म्हणजे रचनाही विमानाच्या इंजिनासारखीच. वर ते स्वस्त आणि कुठेही मिळणारं.

फ्रान्समध्ये रॉजर ड्रुइन यांनी या इंजिनाला साजेसं टर्ब्युलंट नावाचं एका माणसाचं चिमुकलं विमान काढलं. ते इतकं लोकप्रिय झालं की ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी १९५९ मध्ये ते स्वतः चालवलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेच विमान किंग्ज कप या मानाच्या शर्यतीत उतरलं, चालवायला होते त्यांचे सहायक जॉन सेव्हर्न, आणि त्यांनी शर्यत जिंकली. राजघराण्याकडून शर्यतीत उतरलेलं विमान आणि इंजिनाचं मूळ बीटलमध्ये!

पण बीटलच्या इंजिनालाही मर्यादा आहे. त्याच्या सिलिंडर हेडवर हवा लागायला जी पात्यांची जागा आहे, ती कमी पडते. मोठे पिस्टन घालून ८० हॉर्सपॉवर काढता येतात, पण ते काही मिनिटांसाठी. सतत तेवढे मागितले की हेड तापतात आणि तडकतात. हे ज्यांना कळलं त्यांनी हलकी विमानं बांधली आणि वर्षानुवर्षं उडवली. ज्यांनी हावरटपणा केला त्यांना शेतात उतरावं लागलं.

जी गाडी धोकादायक ठरली, तिचं इंजिन आकाशात गेलं

आता एक भन्नाट योगायोग. १९६० च्या मॉडेलपासून शेव्हरोलेने कॉर्व्हेअर नावाची गाडी विकायला सुरुवात केली. इंजिन मागे, सहा सिलिंडर, तेही हवेवर थंड होणारे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. गाड्यांच्या सुरक्षेवरून अमेरिका हलवणाऱ्या या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. गाडी बदनाम झाली आणि १९६९ मध्ये बंद पडली.

पण नेडर यांचा आक्षेप होता तो गाडीच्या सस्पेन्शनवर. इंजिन चांगलंच होतं. आणि ते सगळ्यात आधी कुणाच्या नजरेत भरलं असेल? आपल्या पीटनपोलच्या. १९६० च्या दशकात त्याने एअर कॅम्परवर फोर्ड काढून कॉर्व्हेअर बसवलं. समोरचा तो रेडिएटर गेला, एवढ्या वर्षांनी पुढचं दिसायला लागलं.

पुढे फ्लोरिडाच्या विल्यम विन यांनी हे इंजिन विमानाला कसं लावायचं यावर अख्खं आयुष्य घातलं. गिअरशिवाय, थेट प्रोपेलर लावून त्यातून साधारण १०० हॉर्सपॉवर मिळतात.

आणि मग क्रँकशाफ्ट तुटायला लागले.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. गाडीत क्रँकशाफ्टला फक्त फिरायचं असतं. विमानात त्याच्या टोकाला सहा फुटी प्रोपेलर लटकलेला असतो. तो शाफ्टला पुढे ओढतो. शिवाय फिरणारी जड वस्तू दिशा बदलायला विरोध करते, हे आपण भोवऱ्यावर बघितलेलं असतं. वेगवान विमान वळलं किंवा झटक्यात वर उचललं की प्रोपेलर आडमुठेपणा करतो आणि शाफ्टला वाकवायला बघतो. एका फेऱ्यात एकदा इकडे, एकदा तिकडे. तार मोडायची असेल तर आपण तिला दोन्हीकडे वाकवत राहतो, तसं. पीटनपोलच्या संथ विमानात हा त्रास जाणवला नाही. तेच इंजिन वेगवान विमानांवर गेलं तेव्हा शाफ्टमध्ये बारीक तडे सापडू लागले.

उपाय काय केला, तर आधी शाफ्टला नायट्रायडिंग करून त्याचा पृष्ठभाग कडक केला. मग इंजिनाच्या पुढे आणखी एक बेअरिंग बसवलं, म्हणजे प्रोपेलरचा भार शाफ्टवर एकट्यावर पडणार नाही. कॉर्व्हेअरला मुळात चार मेन बेअरिंग होती, म्हणून या नव्याचं नाव पाचवं बेअरिंग. गाडीच्या इंजिनिअरने याचा विचार का केला नाही, असं विचारण्यात अर्थ नाही. गाडीला प्रोपेलर लागेल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गिअर लावला की नवी डोकेदुखी

आजकालच्या गाड्यांची इंजिनं जास्त फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे मध्ये गिअर किंवा बेल्ट लावून वेग कमी करावा लागतो. १९९० आणि २००० च्या दशकात सुबारूची इंजिनं अशीच लावायची मोठी लाट होती.

अडचण अशी की पेट्रोल इंजिनाची ताकद सरळ धारेसारखी येत नाही. प्रत्येक सिलिंडर पेटला की एक धक्का, मग पुढचा, मग पुढचा. गाडीत हे धक्के फ्लायव्हील, क्लचमधल्या स्प्रिंगा आणि शेवटी टायर गिळून टाकतात. विमानात एका बाजूला धक्के देणारं इंजिन, दुसऱ्या बाजूला जड प्रोपेलर आणि मध्ये बिचारे गिअर. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं ठरावीक फेऱ्यांना ही पिळवटण्याची हालचाल वाढत जाते. कानाला काही वेगळं ऐकू येत नाही. पण आतमध्ये दात झिजतात, शाफ्ट पिळला जातो आणि एक दिवस इंजिन जोरात फिरतंय, प्रोपेलर मात्र नाही, अशी वेळ येते.

वजनाचाही हिशोब असतो. गिअरबॉक्स, रेडिएटर, पाणी, पाइप, जास्तीची बॅटरी हे सगळं धरलं की हलकं वाटणारं कारचं इंजिन विमानाच्या इंजिनाएवढं, कधी त्याहून जड होतं. सुबारू लावलेल्या बऱ्याच जणांनी पुढे ते काढून लायकमिंग बसवलं. वाचवायला गेलेले पैसे दोनदा खर्च झाले.

मग लोक हे करतात कशाला? कारण विमानाचं नवं इंजिन आपल्या पैशात तीस-पस्तीस लाखांच्या पुढे जातं, आणि त्याच्या पाव किमतीत चालू कारचं इंजिन मिळतं. शिवाय काहींना उडण्यापेक्षा बनवण्यातच मजा येते. अमेरिकेत नियमही सोयीचा आहे. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः बांधला असेल तर त्याला एक्सपेरिमेंटल म्हणून मान्यता मिळते. इंजिन कुठलं लावायचं याचं बंधन नाही. फक्त प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर आधी साधारण २५ तास आणि नसेल तर ४० तास एका ठरावीक भागातच चाचणी उड्डाण करावं लागतं. त्या काळात प्रवासी न्यायचे नाहीत.

हे १५ तास उगाच वाढवलेले नाहीत. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास केला. देशातल्या खासगी-छोट्या विमानांपैकी अशी विमानं जेमतेम १० टक्के. पण २०११ मधल्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. सगळ्यांना कारची इंजिनं नव्हती, हे खरं. पण अपघातांच्या कारणांत इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं हीच दोन वरती होती. आणि बरेच अपघात विमान नवं असताना, पहिल्या काही तासांतले.

बऱ्याचदा इंजिनाचा ब्लॉक वगैरे फुटत नाही. बंद पडतं ते आजूबाजूचं. इंधनाचा पंप, एखादी वायर, सैल झालेला पाण्याचा पाइप, दहा-वीस रुपयांचा क्लॅम्प.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घरी विमान म्हटलं की एकच नाव येतं, कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पण ते बांधण्याइतकीच मोठी लढाई कागदांची होती. डीजीसीएकडे नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं.

आणि कारच्या इंजिनावर उडणारं विमान महाराष्ट्राला अगदीच नवं नाही. ते गोंदियात आहे.

झालं असं की जे हौशी लोक शेडमध्ये करत होते, ते जर्मनीच्या थिलर्ट कंपनीने रीतसर केलं. मर्सिडीजच्या ए-क्लास गाडीचं १.७ लिटर डिझेल इंजिन घेतलं, गिअरबॉक्स लावला, सगळं कॉम्प्युटरवर टाकलं आणि २००२ मध्ये विमानासाठी प्रमाणित करून घेतलं. डायमंड कंपनीच्या डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानावर ते बसलं.

मार्च २००७ मध्ये जर्मनीतल्या स्पायर इथे अशाच एका डीए-४२ ची बॅटरी उतरली होती. बाहेरून वीज जोडून इंजिन सुरू केलं आणि विमान निघालं. जमीन सोडल्यावर चाकं आत घ्यायला बटण दाबलं, तेवढ्या क्षणात व्होल्टेज पडलं. दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकाच वेळी बंद. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून दोन इंजिनं दिलेली, पण वीज दोघांना एकाच ठिकाणाहून. पीटनपोलने बॅटरी काढून मॅग्नेटो का लावला होता, ते इथे कळतं. यानंतर इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी वेगळी बॅकअप बॅटरी सक्तीची झाली.

थिलर्ट २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण कल्पना मेली नाही. डायमंडने ऑस्ट्रियात ऑस्ट्रो इंजिन नावाने स्वतःचं डिझेल काढलं, तेही मर्सिडीजच्याच दोन लिटरच्या कार इंजिनावरून. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर पायलट घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेच्या ताफ्यात डीए-४२ आहेत. आज एअरलाइनमध्ये असलेल्या तिथल्या बऱ्याच पायलटांनी दोन इंजिनांचं विमान पहिल्यांदा हातात घेतलं ते मर्सिडीजच्या कारमधून आलेल्या इंजिनावर.